खिडकीकडची जागा

बियाण्याची निवड, खताची मात्रा आणि फवारणीची वेळ हे गावोगाव सांगत फिरण्यात माझी तीस वर्षे गेली. आज मात्र हॉटेलची निवड कशी करावी हे सांगायला बसलो आहे, आणि तेही परदेशातल्या. वाचून हसू येईल. पण आता आपल्या गावांतली मुलेमुलीही शिकायला, नोकरीला बाहेरच्या देशांत जातात, आईबापांना तिकडे बोलावून घेतात आणि एखाद्या चांगल्या दिवशी बाहेर जेवायला जाऊ म्हणून हट्ट धरतात. त्या दिवशी काय करावे आणि काय करू नये याचा धडा मी स्वित्झर्लंडमध्ये शिकलो. तो तुमच्या कानावर घालावा, इतकाच हेतू.

आमची मुलगी तिथल्या लोझान शहरात संशोधन करते. २०२४ च्या मे महिन्यात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले. २८ मे रोजी आमच्या लग्नाला तीस वर्षे पुरी होत होती. खरे तर शेतीखात्यातल्या माणसाने मे महिन्यात लग्न करूच नये. खरीपपूर्व सभा, खताबियाण्यांचे नियोजन, उगवणशक्तीच्या चाचण्या, सगळे त्याच पंधरवड्यात येते. त्यामुळे तिसांतला एकही वाढदिवस मला धड घरी मिळाला नाही. लग्न झाले त्या वर्षी मी हिला म्हणालो होतो, "सभा आटोपल्या की महाबळेश्वरला जाऊ." पुढच्या वर्षी हिने एकदा आठवण केली. त्यानंतर कधी नाही.

मुलीला हे सारे ठाऊक होते. तिला शनिवारी सुटी, म्हणून वाढदिवस तीन दिवस आधीच करायचे ठरले. तिने मोबाईलवर फोटो पाहून हॉटेल निवडले. उंच इमारतीचा वरचा मजला, चारी बाजूंनी काचा आणि काचेपलीकडे निळे सरोवर. फोटो खरोखरच झकास होता. एका फ्रँकला तेव्हा नव्वदच्या वर रुपये पडत होते. मी दरपत्रक पाहिले आणि मनातल्या मनात गुणाकार करणे सोडून दिले.

तिथे गेल्यावर कळले की काचेजवळची टेबले आधीच दिलेली होती. आम्हाला मिळाले ते खांबाजवळचे, मुदपाकखान्याच्या दाराला लागून. मी खुर्ची ओढली आणि बसलो. ही माझ्यासमोर बसली. मला खांबाच्या कडेने का होईना, पाणी दिसत होते. थोड्या वेळाने मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आईला काय दिसतंय?"

मी मागे वळून पाहिले. हिच्या डोळ्यांसमोर माझे डोके, खांब आणि सारखे उघडझाप करणारे दार. मी ओशाळून उठायला लागलो तर ही म्हणाली, "बसा हो. मला काय, मी जेवायला आले ना!" आणि जेवणही बेतासबात. ही माळकरी. कार्डावर हिच्यासारखीसाठी पाल्याची कोशिंबीर आणि पाव, एवढेच. घरी येऊन मुलीने पिठले-भात टाकला तेव्हा कुठे आम्ही जेवलो.

त्या रात्री झोप लागेना. एस.टी.त खिडकी माझी. घरी पाहुणे आले की बाहेरची खुर्ची माझी आणि हिची जागा चुलीपाशी. पंगतीत मी पहिल्या बैठकीला, ही शेवटच्या. कुणी मुद्दाम ठरवून केले नव्हते. पण तीस वर्षांत कुणी मोडलेही नव्हते. दुसरी गोष्ट आठवून तर स्वतःचेच हसू आले. "पाकिटावरचे चित्र पाहून बियाणे घेऊ नका, आधी प्लॉट पाहा," असे मी जन्मभर शेतकऱ्यांना सांगत आलो आणि इथे फोटो पाहून फसलो.

सकाळी मुलीला म्हटले, "मंगळवारपर्यंत दोन दिवस आहेत. आपण शिवारफेरी करू."

लोझानहून लोकल गाडीने पूर्वेकडे निघाले की लगेच लावोचा द्राक्षउतार सुरू होतो. लेमान सरोवराच्या, म्हणजे आपण जिनिव्हाचे सरोवर म्हणतो त्याच्या, उत्तर काठावर हा सुमारे तीस किलोमीटरचा पट्टा आहे. दक्षिणेकडे तोंड केलेला उभा चढ, त्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षवेली. बाराव्या शतकात ख्रिस्ती मठातल्या साधूंनी इथे बांध घालायला सुरुवात केली असे सांगतात. तिथले शेतकरी म्हणतात, आमच्या वेलींना तीन सूर्य मिळतात. एक आकाशातला, दुसरा पाण्यावरून परावर्तित होणारा आणि तिसरा दगडी बांधात दिवसभर साठून रात्री ऊब देणारा. मुख्य वाण शासला नावाचा पांढरा. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा दुहेरी फेरा तिकडे नाही. थंडीत वेल झोपते, तेव्हा एकच छाटणी, आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. पावसाने माती खाली उतरली की पूर्वी माणसे ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेत. आता काही ठिकाणी एकाच रुळावर चढणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. पण बरेचसे काम अजून हातानेच चालते.

शहराच्या इतक्या जवळची, सरोवराकाठची जमीन बंगल्यांखाली जायला कितीसा वेळ लागतो? १९७७ साली त्या प्रांतातल्या लोकांनी मतदान करून लावो राखायचे ठरवले. २००७ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. शेजारच्या वेवे गावात तर मळेकऱ्यांचा एक जुना संघ आहे. त्याचे लोक मळ्यांची पाहणी करतात आणि दुसऱ्याच्या मालकीचे मळे उत्तम राखणाऱ्यांना बक्षिसे देतात. त्यातूनच तिथला मोठा द्राक्षोत्सव निघाला. तो एका पिढीतून एखाददुसऱ्या वेळीच होतो. १९९९ नंतर तो झाला २०१९ मध्ये. कसणाऱ्याचा असा मान पाहून माझ्यातला शेतीखात्याचा माणूस सुखावला.

त्या दोन दिवसांत आम्ही रिवा, सँ-साफोरँ, शेब्र ही गावे पायी फिरलो आणि वाटेतली पाचसहा हॉटेले पाहिली. काय पाहिले ते सांगतो, कारण कुठल्याही देशात ते उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे, ज्या वेळी जेवायला जायचे त्याच वेळी आधी जाऊन पाहावे. दुपारी सुंदर दिसणारी जागा संध्याकाळी डोळ्यांवर ऊन घेते, नाहीतर लवकर सावलीत जाते. मेअखेरीस तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून सात वाजता बसले तरी उजेड पोटभर मिळतो. दुसरे, वारा. बीझ नावाचा ईशान्येचा गार वारा सुटला की उघड्यावर बसवत नाही. आडोसा आहे का ते बघावे आणि शाल बरोबर घ्यावी. तिसरे, दरपत्रक बहुधा दाराबाहेर लावलेले असते. ते उभ्याउभ्या वाचायला लाजू नये. सेवेचा आकार त्या किमतीतच धरलेला असतो, पण पाण्याचे पैसे काही ठिकाणी पडतात. चौथे, स्वयंपाकघर दिवसभर चालू नसते. दुपारचे जेवण दोनच्या आसपास संपते आणि मग संध्याकाळपर्यंत गरम काही मिळत नाही. आठवड्याची सुटीही विचारून घ्यावी. पाचवे, आपले पथ्य त्यांच्या भाषेत कागदावर लिहून न्यावे. तिकडे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाण्याचा फाँड्यू नावाचा पदार्थ फार प्रसिद्ध आहे. शाकाहारी म्हणून आपण बिनधास्त मागवतो, पण त्यात बहुधा पांढरी वाईन घातलेली असते. माळकऱ्याने ते विचारलेच पाहिजे.

आणि सहावे, जे मी शनिवारी विसरलो होतो. नुसते टेबल राखून ठेवू नये. कोणते टेबल, आणि खुर्च्यांची तोंडे कुठे, हे ठरवून घ्यावे.

रिवाच्या वरच्या अंगाला एका मळेवाल्या कुटुंबाचे लहानसे जेवणघर होते. अंगणात सातआठ टेबले, कठड्याखाली लगेच द्राक्षांच्या ओळी. मी मालकिणीला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि जास्त करून हातांनी सांगितले, दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला हव्यात, दोघांचीही तोंडे पाण्याकडे. ती हसली आणि तिने वहीत लिहून घेतले. मुलगी म्हणाली, "दोनच जागा सांगा. मी येणार नाही."

मंगळवारी ही काठापदराची साडी नेसून आली. मालकिणीने कठड्याशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. समोर सरोवर, पलीकडे फ्रान्सचे डोंगर, मधून चाकांनी पाणी कापत जाणारी जुनी आगबोट. मुलीने लिहून दिलेली चिठ्ठी वाचून बाईंनी उकडलेले नवे बटाटे, लोण्यातला पांढरा शतावरीचा कोंब आणि ताजा पाव आणून दिला. साधेच, पण गरम. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आणि हिच्या पानात एकाच वेळी वाढले गेले, आणि वाढणारी ही नव्हती.

मला वाटले, ही सरोवर पाहत असेल. पण हिची नजर कठड्याखाली होती. तिथे दोन बाया आणि एक माणूस वाकून वेलींच्या फेलफुटी काढत होते. हिचे माहेर निफाडकडचे. लहानपणापासून द्राक्षबागेत वावरलेली. "दाटी झालीय, अजून विरळणी करतील," ही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सरोवर देवाचं, पण हा डोंगर असल्या माणसांनीच देखणा केलाय. त्यांची पाठ ह्याच वेळी भरून येते बघा." मालकीण आल्यावर हिने खाली बोट दाखवून मान डोलावली. बाईंना काय समजले कोण जाणे, पण त्यांनी आपली कंबर धरून दाखवली आणि दोघी हसल्या.

शेवटी स्ट्रॉबेरी आली, वर घट्ट साय. हिने एक तोंडात टाकली आणि समोर पाहत विचारले, "महाबळेश्वर असंच असेल का हो?"

मला उत्तर देता येईना. स्ट्रॉबेरीच्या प्रशिक्षणाला, खात्याच्या खर्चाने, मी तीनदा महाबळेश्वरला जाऊन आलो होतो. प्रत्येक वेळी बॅग हिनेच भरून दिली होती.

"इतकं मोठं पाणी नाही तिथं," मी एवढेच बोललो. "पण तू बघ आणि मला सांग."

बिल आले. मी गुणाकार केला नाही.

पुढच्या जानेवारीत मी चार दिवसांची रजा टाकली. वाईपर्यंत गाडीत फारशी गर्दी नव्हती. पसरणीचा घाट सुरू झाला तेव्हा ही खिडकीशी बसली होती. खाली धोमचे पाणी दिसू लागले, तसे हिने माझा हात ओढून मला पुढे वाकवले आणि म्हणाली, "तुम्हालाही दिसतंय ना?"