गादीवरून खुर्चीवर

चाटी गल्लीतील जुन्या कापड दुकानांत पांढरी गादी, तिच्यावर लोड आणि पुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी अशी मांडणी असे. दिवाणजी मांडी घालून रोजमेळ लिहीत. ठाण काढायचे म्हणजे उठणे, गिऱ्हाईक गेले की पुन्हा खाली बसणे. दिवसातून कित्येकदा हे घडे. कमरेचा व गुडघ्यांचा लवचिकपणा या उठबशीतून आपोआप टिकून राही. त्या बैठकीचे अवाजवी कौतुक मात्र नको. वाकून तासन्‌तास लिहिणाऱ्यांच्या मानाही आखडतच.

आता पेढीवर संगणक व फिरती खुर्ची आली. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत तर मालक तीन-तीन तास जागचा हलत नाही. अशा बैठकीत मांडीच्या मागचे व जांघेतील स्नायू आखूड अवस्थेतच राहतात आणि पुढे ताण द्यावा तर कुरकुरतात. दुकानात हे कोणाला दिसत नाही. दिसते ते पंगतीत, किंवा सामायिकाच्या 48 मिनिटांसाठी पन्नाशीचा गृहस्थही खुर्ची शोधू लागतो तेव्हा.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ अराउजो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 ते 80 वर्षे वयाच्या 2,002 व्यक्तींना जमिनीवर बसून उठावयास सांगितले. एकूण गुण 10. हात वा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढील वर्षांत कमी गुणांच्या व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. कमी गुण हेच मृत्यूचे कारण, असा याचा अर्थ नव्हे. तरी हा ताळेबंद बाजूस सारण्याजोगाही नाही.

उपाय काउंटरमागेच करण्यासारखे आहेत. एका पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याजवळ, मांडीवर ठेवावा आणि पाठ सरळ राखून कमरेतून किंचित पुढे झुकावे. मांडी घालण्याची सुटलेली सवय परत आणण्यास याइतका सोपा ताण नाही. नंतर खुर्चीच्या कडेशी सरकून एक पाय सरळ करावा, टाच जमिनीवर, बोटे वर, आणि तसेच झुकावे. प्रत्येक बाजूस सुमारे 30 सेकंद. झटका नको, श्वास रोखणे नको. ताण जाणवावा, कळ येऊ नये. चाकांची खुर्ची आधी भिंतीला टेकवावी. गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काही करू नये.

गिऱ्हाईक पाहील, हा संकोच व्यर्थ होय. नोकर कापड मोजून बांधीपर्यंत एक बाजू सहज होते. दुसरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी.