ओ आणि 868 : टोकियोहून दोन पत्रे

टोकियो, मंगळवार रात्र

ती. आबांना सा. न. वि. वि.

आज जिंगू मैदानावर बेसबॉलचा सामना पाहिला. मैदान 1926 चं, वर छत नाही. 1934 साली खुद्द बेब रूथ इथे खेळून गेला. पाठीवर बिअरचं पिंप बांधून मुली पायऱ्या चढत-उतरत होत्या. यजमान याकुल्ट स्वॅलोजची धाव झाली आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम चिमुकल्या छत्र्या उघडल्या. आभाळ मात्र निरभ्र! धाव झाली की छत्र्या नाचवत ‘टोकियो ओंदो’ गायचं, ही इथली रीत. शेजारच्या आजींनी स्वतःजवळची जादा छत्री माझ्या हातात दिली. मोठ्या पापडाएवढी होती. मीही नाचवली.

आबा, इथे चेंडू थेट मैदानाबाहेर मारला की होमरन, पण तो म्हणजे आपला षटकार असं समजू नका. इथे फलंदाजाला सामन्यात जेमतेम चार-पाच वेळा संधी मिळते, हातात गोल बॅट असते आणि अख्खा सामना तीन-चार धावांवर सुटतो. एक होमरन म्हणजे कधी कधी सगळा निकालच.

याच मैदानावर 2022 मध्ये, मोसमाच्या शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या संधीला, 22 वर्षांच्या मुनेताका मुराकामीने त्या मोसमातला 56 वा होमरन मारला. जपानात जन्मलेल्या खेळाडूंमध्ये एका मोसमाचा त्याआधीचा विक्रम होता 55, तोही 1964 चा. तो ज्यांचा, त्यांच्याबद्दल उद्या लिहिते.

तुमची नात


टोकियो, बुधवार

ती. आबांना सा. न. वि. वि.

त्यांचं नाव सादाहारु ओ. आज टोकियो डोममधल्या बेसबॉल संग्रहालयात त्यांच्या ब्राँझच्या प्रतिमेसमोर बराच वेळ उभी होते. ते खेळले ते कोराकुएन मैदान आता नाही. त्याच्या शेजारी 1988 मध्ये हा डोम उभा राहिला.

वडील चिनी, नूडल्सचं दुकान चालवणारे, आई जपानी. जन्म टोकियोतला, 1940 चा. शाळेच्या संघाला 1957 ची कोशिएन ही शाळांची स्पर्धा जिंकून देणारा हा गोलंदाज मुलगा, पण जपानी नागरिक नाही म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला खेळू दिलं नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

1959 मध्ये तो योमिउरी जायंट्समध्ये गोलंदाज म्हणून आला, पण लवकरच फलंदाज झाला. पहिल्या मोसमात फक्त 7 होमरन. ‘ओ’ म्हणजे राजा, म्हणून प्रेक्षक ओरडायचे, “ओ, ओ, सान्शिन-ओ!” सान्शिन म्हणजे बाद होणं, बाद होणाऱ्यांचा राजा! मग हिरोशी अराकावा हे प्रशिक्षक आले. चेंडू येताना उजवा पाय उचलून डाव्या पायावर तोल धरायचा, हे त्यांनी शिकवलं. सरावाला खरी तलवार द्यायचे. टांगलेली कागदाची पट्टी तिने कापायची. नुसता जोर लावला तर कागद बाजूला सरकतो. कमरेचा फिरका आणि मनगट एका क्षणी जुळले तरच कापला जातो. 1 जुलै 1962 ला ओ पहिल्यांदा एका पायावर उभे राहिले. त्या वर्षी 38 होमरन आणि त्या वर्षापासून सलग 13 वर्षं होमरनमध्ये पहिला नंबर.

3 सप्टेंबर 1977 ला त्यांनी 756 वा मारला आणि अमेरिकेच्या हँक ॲरनच्या 755 च्या पुढे गेले. 1980 मध्ये थांबले तेव्हा आकडा होता 868. इथली मैदानं लहान, म्हणून हा विक्रम खरा नाही असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच मैदानांवर बाकीचेही खेळत होतेच की!

एक गोष्ट मात्र सलते. 1985 च्या मोसमात प्रतिस्पर्धी संघाचा फलंदाज रँडी बास 54 होमरनवर होता, ओंच्या 55 च्या विक्रमाला एकच कमी. शेवटच्या सामन्यात जायंट्सच्या गोलंदाजांनी त्याला मारण्याजोगा चेंडूच न देता 4 वेळा फुकट पहिल्या बेसवर धाडलं. संघाचे व्यवस्थापक होते ओ. आपण तसा हुकूम दिला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी ते थांबवायला हवं होतं. ज्या माणसाला स्वतः अन्याय सोसावा लागला, त्याच्याकडून मला ती अपेक्षा होती. पुढे 2013 च्या मोसमात व्लादिमीर बालेंतिएनने 60 मारले आणि 55 चा विक्रम मागे पडलाच.

तुम्ही रेडिओवरून ऐकून ज्या वहीत गावसकरांची शतकं टिपलीत, तिच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेवा : सादाहारु ओ, 22 मोसम, एकच संघ, 868.

तुमची नात