रेशनच्या दिवसांतली पत्रिका

नोव्हेंबर 1944. युद्धामुळे इंग्लंडमध्ये लोणी, अंडी, मांस सगळंच रेशनवर. अशा दिवसांत सुतारकाम शिकवणारे डोनाल्ड वॉटसन मोजक्या सोबत्यांसह ‘व्हीगन सोसायटी’ काढतात. दूधही सोडलेल्यांसाठी पत्रिका टाइप करायची, पोस्टात टाकायची, तीही नोकरी सांभाळून!

हे खरं धाडस. कारण विज्ञान तेव्हा मागे होतं. बी-12 जीवनसत्त्व वेगळं काढता आलं ते 1948 मध्ये. नुसत्या डाळी-भाज्यांतून ते भरवशानं मिळत नाही. आज हीच संस्था स्पष्ट सांगते: बी-12 घातलेले पदार्थ खा, नाहीतर गोळी घ्या. आहाराचा प्रचार असाच हवा, उणीव न लपवणारा.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही बी-12 कमी असल्याचा रिपोर्ट आता नवा राहिलेला नाही.