सध्या काय वाचताय?



आमच्या बस्तीत दर रविवारी अभिषेक-पूजा आटोपली की आम्ही दहा-बाराजणी स्वाध्यायाला बसतो. सध्या रत्नकरंड श्रावकाचार चालू आहे. ग्रंथ 150 श्लोकांचा, पण आमच्या गतीने दोन चातुर्मास सहज जातील. उपवासाचा श्लोक आला की गाडी पारण्याला कोणी काय केलं होतं तिकडे वळते, आणि मग ती परत रुळावर आणायला वेळ लागतो.

तीन वर्षांपूर्वी मीच एक टूम काढली. स्वाध्याय संपला की शेवटची दहा मिनिटं प्रत्येकीने सांगायचं, सध्या घरी काय वाचतेय. धर्माचंच पाहिजे असं नाही. एकीचं ऐकून दुसरीला वाचावंसं वाटेल, पुस्तकं या घरातून त्या घरात फिरतील, एवढाच हेतू. मी पडले बी.कॉम., आणि लग्नानंतर आमच्या कापड दुकानाच्या खातेवह्या पंचवीस वर्षं मीच लिहिल्या. त्यामुळे लगेच वही घातली. रकाने आखले : तारीख, नाव, पुस्तक, कितवं पान.

वही छान भरत गेली. एकीचं माहेर कुंभोजचं. ती कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचायला लागली आणि कर्मवीर कुंभोजला 1887 मध्ये जन्मले हे आम्हाला दर रविवारी ऐकायला मिळालं. दुसरीने ‘स्मृतिचित्रे’ नेलं ते चार घरं फिरून आलं. एका नव्या सुनेने लाजत सांगितलं, “मी ‘रुचिरा’ वाचतेय, पेन्सिलीने कांदा, लसूण, बटाटा खोडत.” सगळ्या हसल्या, पण पुढच्या रविवारी तिच्याकडे ते पुस्तक मागायला तिघी उभ्या. मावशी – आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, ऐंशीच्या पुढच्या – दर वेळी एकच सांगायच्या, “भक्तामर.” मी भक्तामर लिहायची आणि पुढे सरकायची.

आणि माझ्या नावापुढे? समयसार.

आता खरं सांगते. तीन वर्षं मी ‘समयसार’ लिहीत होते आणि पानाचा आकडाही वाढवत होते. साठ, नव्वद, एकशे तीस. दुकानाच्या वहीत पाच रुपयांचा फरक आला तर ताळा जमेपर्यंत मी रात्री झोपत नसे. तीच मी, बस्तीत बसून, खोटी वही लिहीत होते.

समयसार मी सुरू केलं होतं हे खरं. 415 गाथांपैकी आठ झाल्या. आठव्या गाथेत आचार्य कुंदकुंद म्हणतात की ज्याला आपली भाषा कळत नाही त्याला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं, तसं व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगता येत नाही. ते मला फार पटलं होतं. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांच्या डोळ्यांचं निघालं.

पडद्याचा आजार. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणजे घरात फिरतात, चहाचा कप बरोबर उचलतात, पण अक्षर लावता येत नाही, समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. ज्या माणसाने जन्मभर सकाळी पेपर आणि रात्री पुस्तक सोडलं नाही, तो भिंतीकडे बघत बसायला लागला. बोलणं कमी झालं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे पुढची संध्याकाळ मोठी असते. ती त्यांना खायला उठायची.

मी वाचून दाखवू लागले. आधी पेपर, मग धर्माची पुस्तकं. ते “हं, हं” करायचे आणि मध्येच डोळे मिटून घ्यायचे. एका रात्री म्हणाले, “माळ्यावर ट्रंकेत झुंजार आहे बघ.” बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलेल्या, पिवळ्या पडलेल्या, पानं हाताला लागतील तशी सुटणाऱ्या. मी नाक मुरडलं, पण वाचली. दहाव्या पानाला हे उठून बसले. “आता बघ, सुटतोय की नाही!” किती महिन्यांनी तो आवाज ऐकला मी.

तेव्हापासून रोज आठ ते नऊ अर्नाळकर. एक संपलं की दुसरं, काही तर दोनदा. मलाही गोडी लागली, उगीच का लपवू. पण बस्तीत हे सांगायचं कसं? एक लाज पुस्तकाची. पिस्तूल, दरोडे, खून. आणि मी स्वाध्याय चालवणारी. दुसरी लाज त्याहून मोठी. ह्यांना वाचता येत नाही हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि मलाही. म्हणून समयसार.

या वर्षीच्या श्रुतपंचमीला, जेठ शुद्ध पंचमीला, आम्ही नेहमीप्रमाणे कपाटातली शास्त्रं काढून पुसली आणि नवी वेष्टनं घातली. घरची शास्त्रंही आणायची असतात. माझ्या समयसारातून खुणेची चिठ्ठी खाली पडली. डोळ्यांच्या थेंबांची तीन वर्षांपूर्वीची पावती होती. कुणी पाहिली नाही. मी ती उचलून परत आठव्या गाथेपाशी ठेवली.

मग षट्खंडागमाची गोष्ट वाचली गेली. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी लिहिलेला तो ग्रंथ. त्याच्या ताडपत्री कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या, पण शतकानुशतकं लोकांना फक्त दर्शन मिळायचं, वाचायला नाही. 1896 मध्ये नक्कल करायला सुरुवात झाली, तीही बाहेर जाऊ द्यायची नव्हती. त्या कामावरच्या गजपती शास्त्रींनी गुपचूप आणखी एक प्रत कानडी लिपीत उतरवली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना मदत केली. पुढे 1939 मध्ये धवला टीकेचा पहिला भाग आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी छापून काढला. सगळे मिळून सोळा भाग झाले. हे मी आधीही ऐकलं होतं. या वेळी मात्र लक्ष्मीबाईंपाशी अडकले. घरात दिवा लावून बसलेली ती बाई, नवऱ्याबरोबर अक्षरं उतरवणारी. आणि माझं समयसार ट्रंकेतल्या झुंजारसारखंही नशीब काढून आलेलं नाही. नुसतं दर्शनाला ठेवलेलं.

शेवटची दहा मिनिटं आली. माझी पाळी. मी म्हणाले, “माझ्या नोंदी खोडायच्या आहेत. मी अर्नाळकर वाचतेय,” आणि ह्यांचं सगळं सांगितलं. बराच वेळ कुणी बोलेना. मला वाटलं, आता कुणीतरी प्रायश्चित्ताचं काढणार.

मावशी म्हणाल्या, “मग माझं बी खोड. भक्तामर तोंडपाठ हाय माझं, अठ्ठेचाळीस. पुस्तक नुसतं हातात धरती. मला वाचाय कुठं येतंय?”

तीन वर्षं त्या माझ्या शेजारी बसायच्या. पुस्तक उघडं, बोट ओळीवर. मी पान कितवं ते विचारायची आणि त्या काहीतरी सांगायच्या.

आता मावशी दुपारी चारला आमच्याकडे येतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अक्षर लख्ख दिसतं, पण जुळत नाही. पहिलीचं बालभारतीचं पुस्तक आणलंय, तरी त्यांना झुंजारच हवा. त्या एकेक अक्षर मोठ्याने सांगतात, “झ, त्याला खाली उकार, डोक्यावर टिंब, मग जा, मग र.” हे डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, “झुंजार!” मग दोघंही खूश. जोडाक्षर आलं की भांडण. मी आत कणीक मळत ऐकत असते. खरं तर आता तिथे माझं कामच उरलेलं नाही.

ह्यांना मी आधी न विचारताच बस्तीत सांगून टाकलं, त्याचा राग दोन दिवस होता. तोही नोंदवायला हवा.

वहीत मी लाल रेघ मारून नवं पान घातलंय. मावशी : झुंजार, पान चार. मी : अर्नाळकर, ह्यांच्यासाठी. समयसार, गाथा आठ.