सगळ्यांचा टाय एकच

दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचा फोटो म्हटला की ठरलेलं चित्र समोर येतं. मागे लँकॅस्टर विमानाचं अवाढव्य धूड आणि पुढे खांद्याला खांदा लावून उभे असलेले सातजण. कुणी हसतोय, कुणाच्या गळ्यात मफलर. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधून सुमारे 1,25,000 जणांनी उड्डाणं केली, त्यांतले 55,573 मेले. हे आकडे ठाऊक असले की असल्या फोटोतली डोकी मोजल्यावाचून राहवत नाही.

वैमानिकांचा आणखी एक फोटो निघे. तो घरी पाठवण्यासाठी नसे. इंग्लंडमधल्या अमेरिकी तळांवर वैमानिकांना गणवेश उतरवून साधा कोट आणि टाय चढवायला लावत, कॅमेऱ्यापुढे उभं करत, आणि त्या पासपोर्ट साइज प्रती मोहिमेवर जाताना खिशात देत. विमान पडलं, हवाई छत्रीनं जीव वाचला आणि जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात कुणी आसरा दिला, तर खोट्या ओळखपत्रावर डकवायला फोटो तयार हवा. सोबत रेशमी कापडावर छापलेला नकाशा, चिमुकलं होकायंत्र, थोडे फ्रँक. तळावरचा कोट मात्र एकच असायचा, टायही एकच, आळीपाळीनं सगळ्यांच्या अंगावर चढणारा. पुढे जर्मनांना नुसता टाय बघून माणूस कुठल्या तळावरचा ते कळू लागलं, अशी हकिगत सांगतात. खरी असो वा रचलेली, सरकारी काटकसरीवर याहून चांगला विनोद सापडणं कठीण.

हे फोटो ज्या हातांत पडत, त्यांत एक हात होता आंद्रे द जाँग या बेल्जियन तरुणीचा. तिला सगळे देदे म्हणत. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये 1916 साली तिचा जन्म. याच स्कारबेकमध्ये, आदल्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात, सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून ईडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी गोळ्या घातल्या होत्या. देदेचे वडील शाळामास्तर. कॅव्हेल हे त्या मुलीचं लहानपणापासूनचं दैवत.

ऑगस्ट 1941 मध्ये बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत ही चोवीस वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. बरोबर एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन. ब्रुसेल्सपासून सगळा फ्रान्स ओलांडून, पिरेनीज पर्वत पायी पार करून त्यांना आणलं, असं तिनं सांगितलं. अशी किडकिडीत पोर हे करू शकते, यावर वकिलातीचा विश्वास बसेना. अखेर लंडनच्या एमआय 9 या गुप्तचर खात्यानं खर्च उचलायचं कबूल केलं. देदेनं पैसे घेतले, हुकूम घेतले नाहीत. वाट आपली, माणसं आपली, हे तिनं पहिल्यापासून बजावलं. या वाटेचं नाव पडलं कोमेत, म्हणजे धूमकेतू.

ओळखपत्राचं काम किचकट असे. फोटोखेरीज कोरी कार्डं हवीत, शिक्के हवेत. फ्रान्समध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळच्या अँग्ले गावात द ग्रेफ नावाचं बेल्जियन कुटुंब राहत होतं. त्यातला नवरा जर्मन लष्करी कचेरीतच दुभाषा म्हणून कामाला लागला आणि तिथूनच कार्डं आणि शिक्के लांबवू लागला. बायको, एल्विर, वाटेच्या या दक्षिण टोकाची सगळी व्यवस्था बघे. एरवी फोटो काढताना माणूस आपण उठून दिसावं म्हणून धडपडतो. इथे मात्र फोटोतला माणूस लक्षातच राहू नये, अशी अपेक्षा. तपासणारा शिपाई क्षणभर बघेल आणि कार्ड परत देईल, एवढंच त्या चेहऱ्यानं साधायचं.

चेहरा जमला तरी बाकीचा माणूस चुगली करायचा. खिशात हात घालून चिल्लर खुळखुळवणं, च्युइंगगम चघळणं, काटा उजव्या हातात घेऊन जेवणं या अमेरिकी सवयी कुठल्याही फोटोत दिसत नाहीत, पण रेल्वेच्या डब्यात त्या जीव घेऊ शकत. म्हणून वाटाड्या मुली पुढे चालत, वैमानिक अंतर ठेवून मागे, आणि गाडीत एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. शेवटच्या डोंगरी टप्प्यावर फ्लोरेंतिनो गोइकोएत्चेआ हा बास्क तस्कर असे. अंधारात त्याच्यामागून चढायचं आणि बिदासोआ नदी उतरून स्पेनमध्ये शिरायचं. तिथे कार्ड विचारणारं कुणी नसे; विचारायची ती बंदूकच.

दिसण्यावर भरवसा ठेवण्याची किंमतही या लोकांनी मोजली. नोव्हेंबर 1942 मध्ये ब्रुसेल्समधल्या एका घरात दोन अमेरिकी वैमानिक आले. ते अमेरिकी नव्हतेच, वेष पालटलेले जर्मन हेर होते. त्यामागोमाग धरपकड झाली आणि ब्रुसेल्सची बाजू जवळजवळ कोसळली.

देदे पकडली गेली 15 जानेवारी 1943 ला, सरहद्दीजवळच्या उर्युन्यमधल्या एका शेतघरात. पावसानं नदी फुगली होती, म्हणून मुक्काम वाढला होता. तोवर तिनं 118 जणांना पार नेलं होतं, त्यांतले बरेचसे वैमानिक. चौकशीत वडिलांवरचा संशय टळावा म्हणून तिनं स्वतःच सांगितलं, या वाटेची प्रमुख मी. जर्मनांना ते पटेना. बिल्बाओच्या वकिलातीला पटलं नव्हतं, त्याच कारणानं. एरवी अपमान वाटावा असा हा अविश्वास या वेळी तिच्या पथ्यावर पडला. ती रावेन्सब्रुक आणि माउटहाउसेनच्या छळछावण्यांतून जिवंत परतली. वडील मात्र पॅरिसमध्ये पकडले गेले आणि 28 मार्च 1944 ला माँ व्हालेरियँच्या किल्ल्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

सुटून आलेल्या अमेरिकी वैमानिकांचे जवळपास 3,000 जबाब आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आज एखाद्याचा नातू आजोबांचा माग काढत तिथवर पोचतो. विमानापुढचा हसरा फोटो घरात भिंतीवर असतोच. त्याला हवा असतो तो दुसरा, ढगळ कोटातला. वाटाड्यांचे वाटेवरचे फोटो शोधण्यात फारसा अर्थ नाही. तिथे कुणी कॅमेरा बाहेर काढलाच असता, तर पहिली झडप त्यांनीच घातली असती.

देदेला 1946 मध्ये ब्रिटननं जॉर्ज पदक दिलं, 1985 मध्ये बेल्जियमच्या राजानं काउंटेस केलं. मधली बरीच वर्षं तिनं आफ्रिकेत कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करण्यात घालवली. 1959 मध्ये कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन काँगोत तिला भेटला. कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं हे तिनं शाळकरी वयातच ठरवलं होतं. युद्धामुळे थोडा उशीर झाला, एवढंच.