कोपराखालचं वय

दौंड,
मार्चअखेर

सौ. वहिनींस,


दादाच्या मोबाईलवरून तुम्ही ज्या ट्यूबचा फोटो पाठवलात, ती मी आणलेली नाही आणि आणणारही नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही. तुमच्या मागे घरभर माणसं होती, आणि हा विषय आपण बायका हळू आवाजातच काढतो. म्हणून सविस्तर लिहून पत्र तुमच्या लेकाच्या हाती देतेय.

लेकीच्या लग्नात चेहरा बरा दिसावा असं तुम्हाला वाटतं, यात लाजण्यासारखं काहीच नाही. उभा जन्म घरासाठी राबल्यावर एवढं वाटायलाच हवं. पण त्या खोक्यावरची बारीक अक्षरं मी मोठी करून वाचली. आत तीन औषधं आहेत : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन. पहिली दोन त्वचेचे डॉक्टर वांगासाठी देतात, पण बेतानं आणि ठरावीक काळापुरती. त्यातही ट्रेटिनोइन लावलेल्या कातडीला ऊन जास्त बाधतं, आणि तुमचा तर दिवस कांद्याच्या वाफ्यात जातो. तिसरं, मोमेटासोन, हे स्टेरॉइड आहे. लावायला लागलं की थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, तुकतुकीत दिसतो, शेजारीण विचारते काय लावलंस म्हणून. मग हळूहळू कातडी पातळ पडते, गालांवर लाल बारीक शिरा उठतात, पुरळ येतं, हनुवटीवर लव वाढते. थांबवलं तर चेहऱ्याची अशी आग होते की बाई पुन्हा त्याच ट्यूबकडे वळते. त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारनं 2018 साली केला. तरी दुकानात नुसतं नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते. इतकी वर्षं दवाखान्यात नोकरी केली, असे चेहरे फार पाहिलेत. बायका येतात त्या वांगासाठी नाही, वांगावर लावलेल्या मलमासाठी.

शेजारच्या काकूंनी दिलेली अर्धी ट्यूब तुम्ही लावताय ना, ती डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. आणि पार्लरमधल्या बिननावाच्या डबीला तर हातही लावू नका. अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची बातमी 2023 साली आली होती. गोरं होण्याच्या क्रीमनं तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला होता, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास केला तेव्हा त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला.

आता मूळ गोष्ट. हे वाचताना ब्लाउजची बाही जरा वर करा आणि दंडाची आतली बाजू बघा. ती कशी मऊ, एकसारख्या रंगाची आहे. मग त्याच हाताची कोपराखालची, बाहेरची बाजू बघा : रापलेली, डागाळलेली, चिमटीत धरली तर सावकाश खाली बसणारी. दोन्हींचं वय सेहेचाळीसच आहे. खाणं तेच, काळजी तीच, आईबापांकडून आलेलं रक्तही तेच. फरक फक्त उन्हाचा. चेहऱ्याचंही तेच झालंय. ‘वय झालं आता’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला राग येतो तो यासाठी. यातला मोठा भाग वयानं केलेलाच नाही. आपल्या सावळ्या कातडीवर बारीक सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. आधी येतात ते वांग, काळे डाग, असमान रंग. म्हणून आपल्याला वाटतं हा रंगाचा प्रश्न आहे, आणि आपण गोरं करणारं काहीतरी शोधायला लागतो. प्रश्न रंगाचा नाहीच.

शिरूर-दौंड हा आपला सगळा पट्टा कमी पावसाचा, उघड्या आभाळाचा, सावलीला झाड शोधावं लागतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पडत नाही. घड्याळ बघायची गरज नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेवढा वेळ ऊन कातडीला सर्वांत वाईट. कांदाकाढणी पहाटे लवकर धरून दहाच्या सुमाराला उठा, उरलेली चारनंतर. मजुरांची वेळ ठरलेली असते हे मला माहीत आहे, पण निवडणं, पाती कापणं हे काम तरी सावलीत होतं. चार बांबू आणि जुनं शेडनेट बांधायला दादाला अर्धा दिवस लागेल.

आणि शर्ट. आपल्याकडे साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला रुमाल बांधून बाया खुरपायला जातात. मला विचाराल तर तालुक्यात त्वचेसाठी याहून चांगलं दुसरं काही नाही. तुम्ही मात्र घरच्या रानात तो घालत नाही, ‘मजुरासारखं दिसतं’ म्हणून. कृपा करून घाला. विणीनं घट्ट, गडद रंगाचा सुती शर्ट असू द्या. विरलेल्या पातळ कापडातून ऊन आत येतं. कॉलर उभी ठेवा, कारण वाकून काम करताना सगळं ऊन मानेवर बसतं. पुण्याच्या मुली स्कूटरवर तोंड बांधतात, सनकोट घालतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

सनस्क्रीनचं विचारलं होतंत. एसपीएफ 30 पुरे, पण चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लागतं, आणि घामानं गेलं की पुन्हा. वांग असेल तर हलक्या मातकट रंगाचं घ्यावं. त्यातलं लोहाचं संयुग डोळ्यांना दिसणारा उजेडही थोडा अडवतं, आणि वांग त्या उजेडानंही गडद होतात. सनस्क्रीन रोज लावा म्हणते ते काही जाहिरातीतलं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावच्या 903 माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, 2013 साली तो छापून आला. जे रोज लावत होते त्यांची कातडी तेवढ्या काळात मोजण्याइतकी म्हातारी झाली नव्हती. पण रोजच्या शेतकामात परवडणारं आणि टिकणारं म्हणाल तर आधी कापड, मग ट्यूब.

हे दादालाही वाचून दाखवा. तो पिकअप घेऊन बाजार समितीत जातो तेव्हा काच वर असली तरी उन्हातले खोल शिरणारे किरण आत येतातच. अमेरिकेतल्या एका मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरचा फोटो 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता : 28 वर्षं गाडी चालवलेली, आणि चेहऱ्याची खिडकीकडची बाजू दुसरीपेक्षा कितीतरी म्हातारी. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवा गाल, उजवा हात.

लिंबू चोळणं आजच्या आज बंद करा. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की काळे डाग उठतात, कधी फोडही येतात. वजरीनं गाल घासणंही नको. आंघोळीचं पाणी कोमट घ्या, तुमच्या बोअरच्या जड पाण्यानं आणि साबणानं कातडी आधीच कोरडी पडते. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा.

वांगांना आचही चालत नाही. तुमच्या माहेरी, केडगावच्या बाजूला, गुऱ्हाळावर चुलवाणापुढे बसून चिपाड सारणाऱ्या बाया आठवा. कपाळ आणि गाल कसे तांबूस-काळे झालेले असायचे. लग्नाच्या स्वयंपाकाला मागच्या दारची चूल पेटेल, तिच्यापुढे या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बसू द्या.

मिश्रीबद्दल लिहिल्यावर तुम्ही रागवाल, तरी लिहिते. विडी-सिगारेटनं चेहऱ्यावर अकाली सुरकुत्या पडतात हे पक्कं ठाऊक आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती आधी हिरड्या खाते, मग दात हलतात, आणि दात गेले की गाल आत जातात, ओठ मिटतात. आईचा चेहरा पन्नाशीत तसा झाला तो म्हातारपणामुळे नाही. तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच, आणि ती चेहऱ्यापेक्षा मोठी आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पाळी पुढेमागे होतेय म्हणालात. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारे धागे, जवळपास तीस टक्के कमी होतं. त्यात तुमचा दोष नाही, आणि कुठली ट्यूब ते भरूनही देत नाही. जे उरलंय ते उन्हापासून राखायचं, डाळ-उसळ-अंडं पोटभर खायचं. पण अंगावरून जास्त जातं म्हणून कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. साखर कारखाना सुरू झाला की तुमच्या रानात ऊसतोडीला बीडकडच्या कोयत्याच्या टोळ्या उतरतात. त्यांच्यातल्या किती बायांची तिशीतच पिशवी काढलेली असते! 2019 साली सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर बाईचं म्हातारपण एकदम दारात येतं. कातडी सुकते, हाडं ठिसूळ होतात. मोळी वाहणाऱ्या त्या पोरींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं वय ओळखता येत नाही, ते याही कारणानं.

झोपेबद्दल मी काय सांगणार? रात्रीची लाईट आली की दादा पाणी धरायला जातो आणि बिबट्याच्या भीतीनं तुम्ही बॅटरी घेऊन बांधावर उभ्या. ते टळत नाही. निदान त्या दिवशी दुपारी तासभर आडव्या व्हा, ऊन असतंच तेव्हा.

पुढच्या आठवड्यात न्हावरे-चौफुला मार्गे माझ्याकडे मुक्कामाला या. सकाळच्या शटलनं आपण दोघी पुण्याला जाऊ; ससून स्टेशनजवळच आहे, तिथे त्वचारोगाचा विभाग आहे, नंबर लवकर लावू. वांग लग्नापर्यंत पूर्ण जातील असं वचन कोणी देणार नाही, महिने लागतात. गाईंची धार दोन वेळा दादा काढील, त्याला मी आजच फोन करते. दोन शर्ट लेकाबरोबर पाठवलेत. निळा जरा सैल आहे, बाह्या दुमडू नका.

तुमची नणंद