गोगलगाय आणि बुरूज



दर अंकात आयाच लिहितात, बाबा नुसते झेरॉक्स काढतात, अशी तक्रार कानावर आली. म्हणून या वेळी लेखणी हाती घेतली आहे. विषय माझ्या आवडीचा, म्हणजे फोटोचा. कंटाळा आला तर मुलांनी गणिताचा भाग सोडून थेट गोगलगायीकडे जावं.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी मी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली. मॅक्रो म्हणजे जवळून, बारीकसारीक टिपणारी. मुंगळे, माश्या, कोळी, फुलातले परागकण, सगळं टिपलं आणि कौतुकाने साताऱ्याला आईला पाठवलं. तिने सगळे फोटो पाहिले आणि फोनवर म्हणाली, "मुंगळा छान आलाय रे. पण असा मुंगळा आपल्या परसातही आहे. तुम्ही राहता कुठे, ते दिसू दे की."

बोलणं वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. १०० मिलिमीटरच्या लेन्समधून फक्त २४ अंशांचा कोन दिसतो. किड्याच्या मागे उरतो तो नुसता हिरवा धूर. तो धूर न्युरेम्बर्गचा की साताऱ्याचा, कुणाला कळणार?

त्याच सुमारास आमची कन्या शाळेतून मारिया सिबिला मेरियानची माहिती घेऊन आली. युरो येण्याआधी ५०० मार्कांच्या नोटेवर जिचं चित्र होतं, तीच ही बाई. जन्म १६४७, फ्रांकफुर्टचा. लग्नानंतर ती बारा-चौदा वर्षं आपल्या या गावात राहिली, आणि १६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. त्यात ५० ताम्रपट आहेत. त्या काळी बरेच विद्वान मेलेले किडे टाचणीला टोचून पांढऱ्या कागदावर काढत. हिने सुरवंट घरी पाळले, ते काय खातात ते पाहिलं, आणि अंडी, अळी, कोष, फुलपाखरू असं सगळं त्याच्या खाण्याच्या झाडावरच काढलं. किडा आणि त्याचं घर एकाच चित्रात. आई फोनवर जे मागत होती, ते या बाईने साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं!

म्हणजे मला हवी होती अशी लेन्स, जी जवळूनही टिपेल आणि आजूबाजूचंही दाखवेल. तिला वाइड-अँगल मॅक्रो म्हणतात.

आधी स्वस्तातला उपाय केला. मित्राची साधी २४ मिलिमीटरची लेन्स उसनी घेतली आणि लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये १२ मिलिमीटरचं पोकळ कडं बसवलं. मोठ्या मुलांनी हिशेब करून पाहावा: कड्याची जाडी भागिले लेन्सचा आकडा. १२ भागिले २४ म्हणजे अर्धा, म्हणून सेन्सरवर वस्तूची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी पडते. तेच कडं १०० च्या लेन्सला लावलं तर जेमतेम एक अष्टमांश. गणित झकास जमलं, पण वस्तू काचेला जवळजवळ टेकवल्याशिवाय काही स्पष्ट दिसेना. दोन फुलं चिरडली, एक मुंगी काचेवर चढली, आणि तो नाद सोडला.

मग दुकानात जाऊन दोन लेन्स हाताळल्या. एक लाओवाची १५ मिलिमीटरची. ही एकास एक, म्हणजे खऱ्या आकाराएवढी प्रतिमा देते. इंजिनियर माणसाला मोठा आकडा दिसला की मोह होतोच. पण माहितीपत्रकात लिहिलेलं कमीत कमी अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही, हे लक्षात ठेवा. या लेन्सचं ते अंतर १२ सेंटिमीटर आहे. त्यातून लेन्सची लांबी वजा केली की एकास एकला काच आणि किडा यांच्यात राहतं सुमारे अर्धा सेंटिमीटर! लेन्सची सावली किड्यावरच पडते आणि तो बिचारा पळून जातो. फोकसही हाताने फिरवायचा.

दुसरी कॅननची २४ मिलिमीटरची. ही निम्मीच प्रतिमा देते, पण हिचं अंतर १४ सेंटिमीटर आहे, म्हणजे काचेपुढे थोडी मोकळी हवा राहते, आणि फोकस कॅमेरा स्वतः करतो. कोन ८४ अंशांचा. माझा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणून निम्म्या प्रतिमेत ७२ बाय ४८ मिलिमीटरची जागा मावते. मुंगीला ती फार मोठी, पण फुलपाखराला आणि गोगलगायीला पुरेशी. तीच घेतली. माझं मत विचाराल तर जिवंत प्राण्यासाठी एकास एकचा हट्ट धरू नये. ज्यांना शेवाळं आणि दगडफुलं टिपायची आहेत, त्यांनी खुशाल १५ ची घ्यावी. दगडफूल पळून जात नाही.

मे महिन्यात पाऊस पडून गेल्यावर कन्येला घेऊन नॉयटोरपाशी, तटाबाहेरच्या खंदकाकडे गेलो. ओल्या गवतात चांगली टपोरी वाइनबर्गश्नेके निघाली होती. (हिला उचलून घरी आणायला जर्मनीत कायद्याने मनाई आहे, छोट्यांनी लक्षात ठेवावं.) मी ओल्या जमिनीवर आडवा झालो. पहिल्या फोटोच्या वेळी माझी सावली पडली आणि तिने डोळ्यांची शिंगं आत ओढून घेतली. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या बाजूला जा, मी काढते." लहान हात, लहान सावली. दहा मिनिटं ती श्वास रोखून बसली. शिंगं हळूहळू बाहेर आली, आणि पुढे गोगलगाय, मागे तो जाडजूड गोल बुरूज, असा फोटो मिळाला. बुरूज थोडा पुसट आहे, पण ओळखू येतो.

रविवारी आजीला फोटो पाठवला. आजीचा पहिला प्रश्न, "अगं बाई, बुरुजाएवढी गोगलगाय?" मग जवळची वस्तू या लेन्समध्ये मोठी का दिसते, ते कन्येने आजीला मराठीतून समजावलं. मी मध्ये बोललो नाही. "शंख" हा शब्द तिला आठवेना, तर म्हणाली, "आजी, तिच्या पाठीवरचं घर." पुढे दोघी अर्धा तास बोलत होत्या. आता आजीने पुढच्या फोटोची मागणी केली आहे: सुरवंट हवा, आणि मागे आमची बाल्कनी दिसली पाहिजे.